दिवा लागला की कमी कर

स्पीकरमधला ट्विटर गेला तेव्हा त्याची वर्दी आधी नाकाला लागली. दत्तजयंतीच्या आधीचे दिवस, दिवेलागणीची वेळ, कॅसेटवर माणिकप्रभूंची पदं लावलेली. एकदम काहीतरी करपल्याचा वास आला. देवघरासमोर वाती वळत बसलेली आई म्हणाली, "दूध लागलं बघ कुणाचं तरी." आमच्या शेगडीवर दूध नव्हतंच. खिडकीतून शेजारी विचारलं, तर त्यांचं दूध सुखरूप. परत येऊन बसलो तेव्हा लक्षात आलं, की डाव्या बाजूचे टाळ थांबलेत. पेटी चालू, तबला चालू, गाणारा गातोय. पण सगळं गोधडीआडून. टाळकरी मधेच उठून चहाला गेले तरी ज्यांना कळत नाही, ती माणसं सुखी. मला कळतं, म्हणून मी स्पीकरच्या जाळीला नाक लावलं. वास तिथूनच येत होता.

हे स्पीकर मी नव्वदच्या सुमारास हैदराबादच्या कोटीतून आणले होते. आमचं हुमनाबाद सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावर साधारण मधोमध बसलेलं. तेव्हा त्या रस्त्याचा नंबर ९ होता, आता ६५ आहे. मधोमध असल्यामुळं मोठी खरेदी निघाली की घरात पहिला वाद दिशेचा होतो. चादरी असतील तर पश्चिमेला जायचं, मोती असतील तर पूर्वेला. आवाज कुठल्या दिशेला मिळतो याचा मी महिनाभर विचार केला आणि पूर्वेची बस धरली. येताना एक खोकं माझ्या मांडीवर, एक बायकोच्या. कंडक्टरनं दोन्ही खोक्यांकडं आळीपाळीनं बघून अर्ध्या तिकिटाचा विषय काढला होता.

स्पीकरच्या पाठीवर लिहिलं होतं: ६० वॉट, ८ ओम. अँप्लिफायर मात्र गावातच जोडून घेतलेला, १५ वॉटचा. मी शाळेत गणित शिकवत होतो. पंधरा हे साठापेक्षा लहान आहेत, म्हणून पंधराचा अँप्लिफायर साठच्या स्पीकरचं काही वाकडं करू शकत नाही, हे मी खडू हातात घेऊन फळ्यावर सिद्ध करून दाखवलं असतं. उलट मला स्पीकरचीच काळजी वाटायची, की एवढ्या धडधाकट गड्याला आपण उपाशी तर ठेवत नाही ना.

यात एक गोष्ट हिशेबात धरायची राहिली होती. आईचे कान.

आईला ऐकू कमी यायला लागलं ते इतकं हळूहळू, की तिला ते कधी पटलंच नाही. तिच्या मते लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात. रेडिओवरचे बोलतात, सुनाही बोलतात, आणि माणिकप्रभूंची पदं गाणारेसुद्धा आता पूर्वीसारखे मोकळं गात नाहीत. "वाढीव की जरा," ती म्हणायची. मी वाढवायचो. "अजून. ऐकूच येईना गेलंय." मी अजून वाढवायचो. त्या संध्याकाळी बटण शेवटाला जाऊन टेकलं होतं आणि आवाज जरा घोगरा, फुटका येत होता. पण आईचा चेहरा कधी नव्हे तो समाधानी दिसला, म्हणून मी गप्प बसलो. पाच-सात मिनिटांत दूध लागलं.

बसस्टँडच्या मागच्या गल्लीत एक चाचा स्पीकर दुरुस्त करायचे. दुकान म्हणजे एक टेबल आणि त्याच्यावर वाकलेला एक बल्ब. बाकी जागा पोट फाडलेल्या स्पीकरांनी घेतलेली. आमच्याकडं घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दखनी अशी वाटणी आहे. १९५६ साली नकाशावरची रेघ हलली, माणसं जागच्या जागी राहिली. ज्याच्या त्याच्या तोंडात दीड-दोन भाषा जादा झाल्या, एवढंच. चाचा माझ्याशी दखनीत बोलायचे, मी मराठीत उत्तर द्यायचो, आणि मधे आलेल्या गिऱ्हाइकाला ते कन्नडमध्ये उद्या ये म्हणून सांगायचे. ते उद्या ये सगळ्या भाषांत सारखंच होतं.

त्यांनी ट्विटर उघडला, चिमट्यानं आतलं वेटोळं बाहेर काढलं आणि बल्बखाली धरलं. केसासारखी तार, करंगळीच्या पेरात मावेल एवढ्या नळीवर गुंडाळलेली. तांब्याचा रंग जाऊन काळपट झालेली, एका जागी तुटलेली. तिच्यावरचा वार्निशचा लेप जळाला होता. आईचं दूध ते हेच.

"सर, ये पावर जास्ती होके नै जल्या," चाचा म्हणाले. "कम पड़के जल्या."

मी म्हटलं, "चाचा, पंधरा वॉट..."

"हौ. पंधरा हैच नै उसके पास, और आप पच्चीस मांगे."

पुढचा अर्धा तास त्यांनी मला जे समजावलं, ते मला माझ्या पदवीच्या सगळ्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. गाण्याची लाट गोल असते. वर चढते, माथ्यावर वळते, खाली उतरते. अँप्लिफायरची उंची ठरलेली. त्याच्या आत जेवढा व्होल्टेज, तेवढाच उंच तो लाटेला नेणार. त्याहून उंच लाट मागितली की तो नाही म्हणत नाही. (नाही म्हणता न येणारी माणसं जशी वागतात तसाच तो वागतो.) जमेल तितकं चढतो आणि माथा कापून टाकतो. आमचा बीदरचा पठारी मुलूख ज्यांनी पाहिलाय त्यांना हे लगेच दिसेल. डोंगर चढतोय चढतोय असं वाटतं आणि वर जाऊन बघावं तर शिखर नाहीच, जांभ्या दगडाचं मैलभर सपाट मैदान. पंधरा वॉटांच्या अँप्लिफायरमधून सह्याद्री मागितला की असा बीदर बाहेर पडतो.

सपाट माथ्याच्या लाटेत दोन खोड्या असतात. एक म्हणजे, माथा पुरता चौकोनी झाला की तेवढ्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट शक्ती तिच्यात भरते. म्हणजे पंधराचे तीस होतात, आणि तेही न सांगता. दुसरी खोडी जास्त वाईट. कापलेल्या माथ्याचे ते काटकोनी कोपरे म्हणजे मूळ गाण्यात नसलेले बारीक, उंच सूर. स्पीकरच्या पेटीत दारावर माणूस बसवल्यासारखा एक क्रॉसओव्हर असतो. जाडा आवाज आला की तो मोठ्या वूफरकडं धाडायचा, बारीक आला की छोट्या ट्विटरकडं. त्याला खरं-खोटं कळत नाही. कोपऱ्यातून निघालेला सगळा बारीक कचरा त्यानं इमानदारीनं ट्विटरकडं पाठवला. पेटीवर ६० लिहिलंय ते सगळ्या कुटुंबाचं मिळून. त्यातल्या ट्विटरच्या एकट्याच्या अंगात चार-पाच वॉट सोसायची ताकद. गाण्यात बारीक सुरांचा वाटा मुळात थोडाच असतो, म्हणून एरवी त्याचं भागतं. कुटुंबप्रमुखाच्या पगारावरून धाकट्याला कर्ज द्यावं, तसं आमच्या घरी झालं होतं.

"चिल्लाता वो, जलता ये," चाचा म्हणाले आणि वेटोळं माझ्या तळहातावर ठेवलं. ते मी अजून खडूच्या डबीत ठेवलंय.

त्या दिवशी मला आणखी एक उलगडा झाला. स्पीकर हा आवाज काढणारा डबा आहे अशी माझी समजूत होती. खरं तर ती शेगडी आहे. वीज तारेच्या वेटोळ्यात जाते, वेटोळं चुंबकाच्या फटीत मागंपुढं हलतं, त्याला चिकटलेला कागदाचा कोन हवा ढकलतो, ती हवा म्हणजे गाणं. पण शंभर भाग वीज दिली तर घरच्या साध्या स्पीकरमध्ये तिचा एक भागसुद्धा गाणं होत नाही. उरलेले नव्याण्णव भाग नुसती उष्णता. ती शेगडी थंड राहते ती एवढ्याचसाठी, की गाण्यात मधेमधे श्वास असतात. सारंगी थांबते, गायक समेवर येऊन क्षणभर टेकतो, तेवढ्यात वेटोळं निवतं. अँप्लिफायर किंचाळायला लागला की हे श्वासही भरून निघतात. स्पीकर जळण्याची ही एक तऱ्हा. दुसरी तऱ्हा हाडं मोडण्याची; तिच्याकडं येतोच.

चाचांनी नवा ट्विटर बसवला आणि सल्ला दिला, की अँप्लिफायर मोठा घ्या. साठच्या स्पीकरला शंभराचा. घरी हे सांगितल्यावर सगळ्यांना मी खुळावलो असं वाटलं. पंधरानं जळाला म्हणून शंभराचा? माझे मेहुणे बँकेत होते; त्यांनी तर बुडीत कर्जावर नवं कर्ज या दृष्टीनंच माझ्याकडं पाहिलं. पण मी फळ्यावर हरलेलो माणूस होतो, आता चाचांचं ऐकणार होतो. मोठा अँप्लिफायर घेतला आणि बटण घड्याळातल्या नऊच्या पुढं न्यायचं नाही असं ठरवलं. तेव्हा लक्षात आलं, की आमच्या माजघरात पदं ऐकायला एखादा वॉट पुरतो. एक! उरलेले नव्व्याण्णव वॉट नुसते मागं उभे असतात. क्वचित तबल्यावर जोरकस थाप पडली की त्यातले तीस-चाळीस क्षणभर पुढं येऊन जातात, लाटेचा माथा गोल राहतो, आणि परत जागेवर. आमच्या शाळेत एक हेडमास्तर होते, त्यांनी आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही आणि वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची. मी मात्र ऐंशी पोरांपुढं कायम माथा कापलेल्या आवाजात भूमिती शिकवली. संध्याकाळी घसा बसायचा माझा. पोरांच्या ट्विटरांचं काय झालं असेल, हा विचार निवृत्तीनंतर सुचला.

आवाजाचं गणित हे असं लबाड आहे. शक्ती दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम फरक. आवाज दुप्पट झालासा वाटायला शक्ती दहापट लागते. आई म्हणणार "जरा वाढीव", आणि त्या 'जरा'ची किंमत एकाचे दहा, दहाचे शंभर. सावकारी व्याजसुद्धा याच्यापुढं सोज्वळ.

त्याच सुमारास बाजारात 'पीएमपीओ'ची साथ आली होती. मुठीएवढे स्पीकर आणि खोक्यावर लिहिलेलं १००० वॉट. ती अक्षरं इंग्रजीत कशाची होती हे विचारायच्या भानगडीत कुणी पडत नसे. आयुष्यात एकदा, डोळ्याचं पातं लवायच्या आत, कदाचित, मरता मरता हा डबा केवढा किंचाळू शकेल, असा काहीतरी तो हिशेब. लग्नाच्या बाजारात मुलाचा पगार सांगतात तसा. खरा आकडा आरएमएस नावाचा, रोजच्या खाण्यापिण्याचा. तो खोक्याच्या तळाला बारीक अक्षरात किंवा कुठंच नाही. एका भाच्यानं असला हजार वॉटवाला डबा आणला होता. आमच्या मिक्सरच्या आवाजापुढं तो ऐकू यायचा नाही.

नव्या अँप्लिफायरमुळं घरात एक नवाच प्रश्न उभा राहिला. त्याच्या आत रिले नावाची संरक्षक कळ होती. बटण दाबलं की तीन-चार सेकंद काहीच होत नाही, मग आतून "टक्" असा आवाज, आणि मग स्पीकर जोडला जातो. सुरुवातीचा विजेचा धक्का कोनाला बसू नये म्हणून ही सोय. शिवाय आतला एखादा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर सरळ डीसी वीज वेटोळ्यात घुसते आणि क्षणात राख करते, तेव्हाही हीच कळ दार लावून घेते. मी कौतुकानं सगळ्यांना ऐकवलं. ती "टक्" नेमकी त्या पट्टीत होती, की बाकी काही ऐकू न येणाऱ्या आईला ती स्वच्छ ऐकू आली. "पाल चुकचुकली," ती म्हणाली, आणि बोटानं जमिनीवर तीनदा टकटक करून "कृष्ण कृष्ण" म्हणाली. पुढं कित्येक वर्षं आमच्याकडं गाणं लावायचं म्हणजे आधी पाल चुकचुकणार, मग कृष्ण कृष्ण, मग तंबोरा. एखादं चांगलं बोलणं चालू असताना मी अँप्लिफायर लावला तर त्या बोलण्याला दुजोरा मिळायचा. नातीच्या स्थळाची बोलणी तर मी मुद्दाम बटणाजवळ बसून केली.

बटणाची हद्द दाखवायला मी त्याच्याभोवती पेन्सिलीनं खूण केली होती. ती आईला दिसत नाही म्हणून तिनं स्वतःच कुंकवाचं बोट टेकवलं. सीमारेषा आखली. पण धूळ पुसणाऱ्या हाताला सीमा कळत नाहीत, आणि दर शुक्रवारी कुंकू नव्यानं लागायचं ते प्रत्येक वेळी केसभर उजवीकडं. सहा महिन्यांत नऊचे साडेदहा झाले.

हाडं मोडण्याची गोष्ट नातवाच्या बारशाची. अंगणात मांडव, आणि मांडववाल्याचा अँप्लिफायर. देवळात, मशिदीत, शाळेच्या गॅदरिंगला असतो तसला दणकट. भोंगा एकच आला होता, म्हणून त्याच्या हाताखालच्या पोरानं आमचे घरातले स्पीकर मागितले. मी बायकांच्या हळदीकुंकवात अडकलेलो, घ्या म्हटलं. त्या अँप्लिफायरच्या पाठीला स्क्रूंची एक रांग असते: ४ ओम, ८ ओम, १६ ओम, आणि शेवटी ७० व्होल्ट, १०० व्होल्ट. पोरगं हुशार होतं. चारापेक्षा शंभर चांगले, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही.

ती शंभर व्होल्टची जागा लांबच्या वाटेसाठी असते. गावभर चार-पाचशे फुटांवर भोंगे टांगायचे तर तारेतच वीज मुरते. म्हणून तारांच्या मोठ्या खांबांवरून नेतात तशी ती चढ्या दाबानं न्यायची आणि प्रत्येक भोंग्यापाशी छोटा ट्रान्सफॉर्मर लावून उतरवून घ्यायची. आमच्या स्पीकरच्या पोटात असला ट्रान्सफॉर्मर कुठला? मी नंतर रात्री हिशेब केला. शंभराचा वर्ग भागिले आठ, साडेबाराशे वॉट. एवढी शक्ती त्या अँप्लिफायरच्या अंगात नव्हतीच; पण जेवढी देता आली तेवढी त्यानं हात न आखडता दिली. बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली, माईक कुणाच्या तरी तोंडाला लागला, आणि "भप्प". वूफरचा कोन पुढं झेपावला तो मूळ जागी परतलाच नाही. वेटोळं मागच्या लोखंडावर आपटून वाकडं झालं होतं, मधली टोपी आत गेली होती. बाळ झोपेतच होतं. त्या वूफरच्या चुंबकाला चाचांनी नवा कोन, नवं वेटोळं घातलं. याला रिकोनिंग म्हणतात. चुंबक जुनाच राहतो. स्पीकरची ही मजा आहे, गळा बदलता येतो.

मग चाचांनी दोन्ही पेट्यांना फ्यूज लावले. हे गणित मला आवडलं. साठ भागिले आठ, साडेसात. त्याचं वर्गमूळ पावणेतीनच्या आसपास. म्हणजे पावणेतीन अँपिअरच्या आतच फ्यूज उडायला हवा. चाचांनी दोन अँपिअरचा घातला, झटकन उडणारा. दिवाळीत भाचा आला, त्यानं सिनेमातला कुठलासा स्फोट लावला, फ्यूज उडाला. फ्यूजनं आपलं काम केलं. भाच्यानंही त्याचं केलं: चॉकलेटच्या चांदीचा कागद फ्यूजला गुंडाळून परत बसवला. मी अंघोळीहून येईपर्यंत सिनेमा संपत आला होता. असल्या मुलांना अभियांत्रिकीला प्रवेश मिळतो. तसंही फ्यूजवर सगळा भार टाकण्यात अर्थ नाही, कारण त्याच्यात आणि ट्विटरमध्ये शर्यत लागली तर ट्विटर पुष्कळदा आधी पोचतो.

आमचं गाव आणि भोंगे यांचं नातं जुनं नाही, हे मी कधीकधी स्वतःला बजावतो. हुमनाबादला लागून माणिकनगर आहे. माणिकप्रभूंचा जन्म १८१७चा, बसवकल्याणजवळच्या लाडवंतीचा. समाधी १८६५ साली, इथंच, दत्तजयंतीच्या तोंडावर मार्गशीर्ष एकादशीला. त्यांची पदं मराठीत आहेत, कन्नडात आहेत, हिंदी-उर्दूत आहेत. सगळ्या मतांना घरात घेणारा म्हणूनच त्या संप्रदायाचं नाव सकलमत. आमच्या बाजारातली भाषांची खिचडी त्यांनी तेव्हाच देवापुढं नेऊन ठेवली होती. दत्तजयंतीला तिथं दरबार भरतो, गाणं-बजावणं होतं. मी ज्या तऱ्हेच्या स्पीकरबद्दल इतका वेळ बोलतोय, तो वेटोळं आणि कागदी कोनवाला, राइस आणि केलॉग या दोघा अमेरिकनांनी १९२५ साली मांडला. म्हणजे प्रभूंच्या समाधीनंतर ६० वर्षांनी. तोवरच्या दरबारात जे कुणी गायले ते आपल्या गळ्यातल्या वॉटांवर, आणि शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला ऐकू येईना तर पुढं सरकून बसायला सांगत असतील. आईलाही मी हा उपाय सुचवून पाहिला. "मी कशाला पुढं येऊ? गाणाऱ्याला म्हण की मोठ्यानं गा," ती म्हणाली.

आता गल्लीत मिरवणूक आली की खिडकीच्या काचा आणि माझ्या बरगड्या एकाच तालात हलतात. एकदा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मागं बसलेल्या पोराशी बोललो, माझाच जुना विद्यार्थी निघाला. मी काही नियम सांगणार, २००० सालचे, वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, दहा ते सहा बंद, तेवढ्यात तो कौतुकानं त्याच्याकडचा एक चपटा डबा दाखवायला लागला. "सर, हे लिमिटर. कुणी कितीबी वाढवू दे, एका हद्दीच्या पुढं हे जाऊ देत नाही. एक बॉक्स जळत नाही आपला." मला खरंच बरं वाटलं. वर्गात शेवटच्या बाकावर बसणाऱ्या पोराला माथा कापण्याचं प्रकरण अचूक कळलं होतं. कानाच्या आतल्या शंखात १५ हजारांच्या आसपास केसांसारख्या पेशी असतात आणि गेल्या की त्या परत उगवत नाहीत, हे सांगायला मी तोंड उघडलं. पण त्यानं कानात कापूस घातला होता, त्याला ऐकू गेलं नाही.

सगळ्यात शेवटचा आणि सगळ्यात गावठी उपाय चाचांनी सांगितला तेव्हा त्यांचेच हात कापायला लागले होते. मोटारसायकलच्या इंडिकेटरचा बल्ब, १२ व्होल्ट, १० वॉट. तो ट्विटरच्या वाटेत जोडून द्यायचा. बल्ब थंड असतो तेव्हा त्याचा विरोध जेमतेम दीड ओम, म्हणजे ट्विटरला तो आहे हे कळतही नाही. वीज जास्त यायला लागली की तार तापते, बल्ब पेटतो, आणि पेटलेल्या बल्बचा विरोध चौदा ओमवर जातो. जास्तीची वीज ट्विटरकडं न जाता उजेड होऊन जाते. जोर ओसरला की पुन्हा थंड. फ्यूजसारखं उडणं नाही, बदलणं नाही, चांदी गुंडाळायला जागा नाही. "ये खुद जलता, उसकू जलने नै देता," चाचा म्हणाले. मोठमोठ्या कंपन्यांच्या स्पीकरांतसुद्धा हीच युक्ती असते, हेही त्यांनी सांगितलं. दुकानात बल्ब आणायला मी गेलो तेव्हा दुकानदारानं विचारलं, "डावा का उजवा?" मी म्हटलं, "दोन्ही."

पहिल्याच संध्याकाळी आईनं विचारलं, "त्या पेटीत दिवा कुणी लावलाय?"

स्पीकरच्या तोंडावरचं कापड जुनं, विरलेलं. तबल्यावर चाट पडली, टाळ वाजले की त्याच्या आड तांबूस काहीतरी लुकलुकायचं आणि विझायचं. मला दिसायला लाइट बंद करावी लागली. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, तिची नजर माझ्याहून चांगली. मी तिला सगळं समजावून सांगितलं. लाट, माथा, विरोध, सगळं. तिनं त्यातलं कामाचं तेवढं घेतलं. "म्हणजे दिवा लागला की जास्त झालं."

तेव्हापासून आमच्याकडं "वाढीव की" बंद झालं. आई स्पीकरकडं तोंड करून बसते, पद ऐकते का बघते कुणास ठाऊक, आणि मधेच हात वर करते: "दिवा लागला. कमी कर." कुंकवाची खूणही हळूहळू पुसली गेली. आलेल्या पाहुण्यांना ती पेटीतल्या दिव्याबद्दल सांगते, लेकानं लावून दिलाय म्हणते.

गेल्या दत्तजयंतीला संध्याकाळी लाइट गेली. इन्व्हर्टरवर अँप्लिफायर तेवढा चालू राहिला. माजघरात देवापुढची समई आणि कापडाआडचे दोन तांबूस ठिपके, टाळांबरोबर उघडझाप करणारे. शेवटचं पद चढत चाललं होतं. ठिपके आता विझेनात, नुसते जळत राहिले. मी अंधारात चाचपडत बटणापाशी गेलो.

"राहू दे की जरा," आई म्हणाली. "एवढं पद होऊ दे."

मी हात मागं घेतला आणि वास येतोय का बघत उभा राहिलो.